रडारच्या नजरेखालचा पाऊस

विद्यार्थिमित्रांनो, मालवणच्या बंदरावर संध्याकाळच्या वेळी तुम्ही कधी उभे राहिला आहात काय? समोर कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी बांधलेला सिंधुदुर्ग किल्ला दिसतो. मासेमारीला निघालेल्या नौका एकामागून एक खोल समुद्राकडे जात असतात. त्यांतली एखादी नौका निवडा आणि तिच्यावर नजर खिळवून ठेवा. नौका लांब गेली, की ती नुसतीच लहान लहान होत जात नाही. आधी तिचे बूड दिसेनासे होते. डोलकाठी मात्र आणखी थोडा वेळ दिसत राहते. मग तीही पाण्याखाली गेल्यासारखी नाहीशी होते. पृथ्वी गोल असल्याचा हा पुरावा तुम्ही भूगोलाच्या पुस्तकात वाचला असेल.

पृथ्वीच्या याच गोलाईमुळे एक मोठी अडचण निर्माण झाली आहे. मालवण, देवगड, रत्नागिरी या किनाऱ्यावर पडणारा पाऊस आणि सुटणारा वारा हवामान खात्याच्या रडारला पुरता दिसत नाही! हे कसे, ते आज पाहू या.

नकाशावरचे वर्तुळ

मालवणपासून पणजी सरळ रेषेत सुमारे ७५ कि.मी. आहे. पणजीला भारत हवामानशास्त्र विभागाचे डॉप्लर रडार आहे. उत्तरेला मुंबईत कुलाब्याला असेच दुसरे रडार आहे. ते मालवणपासून सुमारे ३२० कि.मी. दूर आहे. आता कोकणचा नकाशा घ्या. कंपासचे टोक पणजीवर टेकवा आणि २५० कि.मी. त्रिज्येचे वर्तुळ काढा. सारा सिंधुदुर्ग जिल्हा त्यात येतो. रत्नागिरी शहरसुद्धा येते. तसेच दुसरे वर्तुळ मुंबईभोवती काढा. दोन्ही वर्तुळे एकमेकांत शिरतात आणि कोकणची पट्टी जवळजवळ पुरी झाकली जाते. मग अडचण कसली?

अडचण अशी, की नकाशाला लांबी आणि रुंदी असते, उंची नसते. रडारच्या वर्तुळातील पोकळी उंचीत दडलेली आहे. ती समजण्यासाठी आधी रडार कसे काम करते ते पाहावे लागेल.

पावसाला घातलेली साद

डोंगरासमोर उभे राहून आपण ओरडलो, तर प्रतिध्वनी येतो. तो किती वेळाने आला यावरून डोंगराचे अंतर काढता येते. रडारही साद घालते, पण ती रेडिओ तरंगांची. हवामान खात्याच्या मोठ्या रडारमध्ये या तरंगांची लांबी सुमारे १० सें.मी. असते. रडारची बशीसारखी तबकडी या तरंगांचा एक झोत आकाशात सोडते आणि क्षणभर गप्प राहून परत येणाऱ्या सादेची वाट पाहते. वाटेत पावसाचे थेंब असले, तर त्यांच्यावरून तरंगांचा अगदी अल्प अंश परत फिरतो. रेडिओ तरंगांचा वेग सेकंदाला ३ लाख कि.मी. आहे. म्हणजे मालवणवरच्या पावसाचा प्रतिध्वनी पणजीला पोहोचायला, जाऊन-येऊन, सेकंदाचा दोनहजारावा भाग पुरतो.

दुसऱ्या महायुद्धात शत्रूची विमाने हेरण्यासाठी रडारचा वापर झाला. तेव्हा पडद्यावर मधूनच पावसाचे डाग उमटत आणि रडार चालविणारे वैतागत. युद्ध संपल्यावर शास्त्रज्ञांनी त्या डागांनाच कामाला लावले. एकाला जो कचरा वाटतो, तो दुसऱ्याला ठेवा वाटू शकतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

डॉप्लर रडार आणखी एक काम करते. कुडाळ स्टेशनात न थांबता जाणारी गाडी शिटी वाजवत जवळ येते तेव्हा शिटीचा सूर चढा वाटतो आणि गाडी पुढे निघून गेली की तो एकदम उतरतो. हा परिणाम ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ ख्रिस्तियन डॉप्लर यांनी १८४२ मध्ये मांडला. थेंब रडारच्या दिशेने येत असतील किंवा दूर जात असतील, तर परत आलेल्या तरंगांची वारंवारता अशीच किंचित बदलते. त्यावरून थेंबांना वाहून नेणाऱ्या वाऱ्याचा वेग कळतो.

कोणी म्हणेल, उपग्रह वरून सारे पाहत असताना रडार कशाला हवे? उपग्रहाला ढगांचे माथे दिसतात. घराचे छप्पर पाहून आत कोण बसले आहे ते सांगता येत नाही, तसेच हे आहे. ढगाच्या पोटात पाऊस किती आहे आणि तो कोणत्या गावाकडे सरकतो आहे, हे दर काही मिनिटांनी सांगणारे साधन रडारच.

पाऊस किती स्थानिक असू शकतो, ते २६ जुलै २००५ च्या मुंबईने दाखविले. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मि.मी. पाऊस कोसळला. तेथून २५ कि.मी. सुद्धा दूर नसलेल्या कुलाब्याला फक्त ७३ मि.मी. झाला. तेव्हा मुंबईत डॉप्लर रडार नव्हते.

सरळ झोत, गोल पृथ्वी

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळू. रडारचा झोत अगदी आडवा सोडला, तर तो जवळच्या टेकड्या, इमारती आणि समुद्राच्या लाटा यांच्यावर आदळतो आणि पडद्यावर खोटे डाग उमटतात. म्हणून सर्वांत खालचा झोतसुद्धा साधारणपणे क्षितिजाच्या अर्धा अंश वर रोखलेला असतो. अर्धा अंश म्हणजे किती? पौर्णिमेच्या चंद्राची रुंदी आकाशात जेवढी दिसते, साधारण तेवढा.

एवढ्याशा कोनाने काय बिघडते, असे वाटेल. पण दर किलोमीटरला झोत ८.७ मीटर वर चढतो. शिवाय तो पुढे जात असताना खालची पृथ्वी वाकून त्याच्यापासून दूर होत असते. वर हवा विरळ असल्यामुळे झोतही थोडासा खाली वाकतो, पण पृथ्वीइतका नाही. हे सारे लक्षात घेऊन एक सोपा हिशेब करता येतो. तो वहीत उतरवून घ्या.

रडारपासूनचे अंतर किलोमीटरमध्ये घ्या. त्याचा वर्ग करून १७ ने भागा. त्यात अंतराची ८.७ पट मिळवा. उत्तर येईल ती झोताच्या मध्याची उंची, मीटरमध्ये. (रडारचा मनोरा ज्या टेकडीवर असेल तिची उंची आपण सोडून देऊ.)

मालवणसाठी करून पाहू. ७५ चा वर्ग ५,६२५. भागिले १७, म्हणजे ३३१. ७५ गुणिले ८.७, म्हणजे ६५३. बेरीज ९८४. म्हणजे मालवणच्या बंदरावर आलेला झोत जमिनीपासून जवळजवळ एक किलोमीटर उंचीवरून जातो! याच रीतीने इतर गावांचा हिशेब असा येतो:

वेंगुर्ले : अंतर ४५ कि.मी., झोताची उंची सुमारे ५०० मीटर
मालवण : अंतर ७५ कि.मी., उंची सुमारे १,००० मीटर
देवगड : अंतर ११० कि.मी., उंची सुमारे १,७०० मीटर
विजयदुर्ग : अंतर १३० कि.मी., उंची सुमारे २,१०० मीटर
रत्नागिरी : अंतर १७५ कि.मी., उंची सुमारे ३,३०० मीटर

रत्नागिरीकडे मुंबईहून पाहिले तर आणखी वाईट. अंतर सुमारे २१५ कि.मी., म्हणून झोत ४,६०० मीटर उंचीवर. आणि २५० कि.मी. वर, म्हणजे आपण काढलेल्या वर्तुळाच्या काठावर, तो ५,८०० मीटरच्याही वर गेलेला असतो. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे. त्याच्या साडेतीन पट उंचीवरून रडार पाहत असते. खाली काय चालले आहे, याचा त्याला पत्ता नसतो.

शिवाय झोत विजेरीच्या प्रकाशासारखा पसरत जातो. एक अंश रुंदीचा झोत मालवणला १.३ कि.मी. जाड होतो, तर रत्नागिरीला ३ कि.मी. जाड. जाड कुंचल्याने बारीक अक्षर काढता येत नाही, तसे दूरच्या पावसाचे बारकावे रडारला टिपता येत नाहीत.

कोकणचे बुटके ढग

ही अडचण जगातल्या प्रत्येक रडारला आहे. मग कोकणचे दुखणे वेगळे ते काय? ते आपल्या ढगांत आहे.

मे महिन्यात वळवाचा पाऊस येतो, तेव्हा ढगांचे मनोरे दहा, बारा, पंधरा किलोमीटरपर्यंत चढतात. असे ढग दूरच्या रडारलाही दिसतात; त्यांचे पाय दिसले नाहीत तरी डोके दिसते. जून ते सप्टेंबरमध्ये समुद्रावरून येऊन सह्याद्रीला धडकणारे मोसमी ढग मात्र पुष्कळदा बुटके असतात. आपल्याकडे पावसाळ्यात हवा सुमारे पाच किलोमीटर उंचीवर गोठणबिंदूला पोहोचते. कोकणातले कित्येक ढग तेवढी उंचीही गाठत नाहीत. त्यांच्यात बर्फाचे कण तयार होत नाहीत. लहान थेंब एकमेकांवर आपटून, एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि पाऊस पडतो. ही वाढ बरीचशी खालच्या एक-दोन किलोमीटरच्या दमट थरात होते. नेमका हाच थर देवगड-रत्नागिरीच्या बाजूला झोताच्या खाली राहतो. घाटमाथ्यावरच्या आंबोलीला वर्षाकाठी सात मीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही मुख्यतः अशाच ढगांतून.

यात आणखी एक गंमत आहे. थेंबाचा व्यास दुप्पट झाला, तर त्याच्यापासून येणारा प्रतिध्वनी दुप्पट होत नाही, चौपटही नाही. तो ६४ पट होतो! म्हणजे २ मि.मी. चा एक थेंब आणि १ मि.मी. चे ६४ थेंब रडारला सारखेच वाटतात. पण पाणी? त्या ६४ लहान थेंबांत मोठ्या थेंबाच्या आठपट पाणी असते. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरच्या पावसात लहान थेंबांचा भरणा असतो. म्हणून रडारच्या पडद्यावर साधासा वाटणारा पाऊस ओहोळांना पूर आणणारा असू शकतो.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने या ढगांच्या अभ्यासासाठी २०१२ पासून महाबळेश्वरला प्रयोगशाळा चालविली, आणि वाईजवळच्या मांढरदेवच्या डोंगरावर रडारही बसविले. ढगांत प्रत्यक्ष उभे राहूनच ढग मोजावेत, अशी ती कल्पना.

डोंगराची सावली

समुद्राच्या बाजूला झोताला अडथळा नाही. पूर्वेला मात्र सह्याद्रीची भिंत आहे. पणजीपासून आंबोली सुमारे ५५ कि.मी. आपल्या हिशेबाने तेथे झोताचा मध्य ६५० मीटरवर येतो, आणि आंबोलीचा माथाच समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंच आहे. म्हणजे सर्वांत खालच्या झोताचा बराचसा भाग डोंगराला धडकतो. दिव्यासमोर हात धरला की भिंतीवर सावली पडते, तशीच आजरा-चंदगडच्या मुलखावर रडारची सावली पडते. तेथला पाऊस पाहायचा तर तबकडी आणखी वर करावी लागते. मग पुन्हा तेच. झोत बुटक्या ढगांच्या डोक्यावरून निघून जातो.

रडारच उंच डोंगरावर नेऊन ठेवले तर? सावली कमी होईल, पण पाया जितका उंच तितका झोतही उंच. खालचे तर आणखीच दिसणार नाही. विज्ञानात फुकट काही मिळत नाही!

नौकेवरचा माणूस

हे सारे गणित कोणासाठी आहे? ते नौकेवरच्या माणसासाठी आहे.

मालवणच्या पश्चिमेला शंभर किलोमीटर आत एक नौका मासे धरीत आहे, असे समजा. पणजीपासून ती सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. तेथे झोताची उंची किती? हिशेब करा, २,६०० मीटर येईल. नौका उलटवणारा वारा मात्र पाण्याच्या पृष्ठभागापासून दहा-वीस मीटरच्या आतला असतो. अडीच किलोमीटर वरच्या वाऱ्यावरून खालच्या वाऱ्याचा अंदाज बांधणे म्हणजे माडाच्या शेंड्याकडे पाहून विहिरीतले पाणी ओळखण्यासारखे आहे.

नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’ चक्रीवादळ आले, त्याची आठवण कोकणच्या किनाऱ्यावर अजून ताजी आहे. लक्षद्वीपच्या बाजूला निर्माण झालेले हे वादळ किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे सरकले आणि ११ नोव्हेंबरला अलिबाग व मुंबई यांच्या दरम्यान जमिनीवर आले. मासेमारीचा हंगाम चालू होता. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कित्येक नौका समुद्रात होत्या. त्यांतल्या काही परत आल्याच नाहीत. तेव्हा कोकण किनाऱ्यावर डॉप्लर रडार कार्यरत झालेले नव्हते. रडार असते तर सर्व वाचले असते, असे म्हणता येणार नाही. खोल समुद्रातल्या नौकेपर्यंत इशारा वेळेवर पोहोचविणे, हा वेगळा आणि तितकाच कठीण प्रश्न आहे. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ वादळ याच किनाऱ्याजवळून गेले. तेव्हा पुष्कळ आधी धोक्याची सूचना देता आली होती, आणि तरीही देवगडच्या बंदरात नौका बुडाल्या व माणसे दगावली.

मोठे चक्रीवादळ उपग्रहाला कित्येक दिवस आधी दिसते. खरी पंचाईत होते ती लहान, अचानक सुटणाऱ्या वादळी वाऱ्याची. तो तासाभरात येतो आणि जातो. बंदरावर ३ नंबरचा बावटा चढेपर्यंत तो कधी कधी येऊनही गेलेला असतो. म्हणून जुना तांडेल अजूनही गालाला लागणाऱ्या वाऱ्यावर भिस्त ठेवतो. ‘वारो फिरलो’ असे तो म्हणाला, की तरुण खलाशी जाळी ओढायला लागतात. रडारच्या झोताखालची शेवटची काही मीटर उंची आज तरी त्याच्याच ताब्यात आहे.

पोकळी कशी भरावी?

देशात २०१३ मध्ये १५ डॉप्लर रडारे होती. २०२३ पर्यंत ती ३९ झाली. ही प्रगती मोठीच आहे. पण आपण शिकलेले गणित येथेही लावू. २५० कि.मी. त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे १.९६ लाख चौ.कि.मी. असते. अशी ३९ वर्तुळे म्हणजे ७६ लाख चौ.कि.मी. भारताचे क्षेत्रफळ ३३ लाखांच्या आत आहे. मग देश दोनदा झाकला गेला की! आता फक्त १०० कि.मी. त्रिज्या घ्या, कारण तेवढ्या अंतरापर्यंतच झोत दीड किलोमीटरच्या खाली राहतो. एक वर्तुळ ३१,४०० चौ.कि.मी. चे. ३९ वर्तुळे मिळून सव्वाबारा लाख. कोठेही एकावर एक आली नाहीत असे धरले, तरी देशाच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडेसेच अधिक. रडारे तीच, नकाशा तोच. प्रश्न बदलला की उत्तर बदलते.

जास्त रडारे बसविणे हा एक उपाय आहे. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये २,००० कोटी रुपयांच्या ‘मिशन मौसम’ला मंजुरी दिली. रडारांचे जाळे वाढविणे हा त्याचा एक भाग आहे. मोठ्या रडारांच्या मधल्या जागेत ३ सें.मी. तरंगलांबीची लहान रडारे बसविता येतात. ती स्वस्त आणि आटोपशीर असतात, आणि जवळचेच पाहायचे असल्यामुळे त्यांचा झोत खाली राहतो. मात्र त्यांचे तरंग दाट पावसात लवकर क्षीण होतात. आषाढातल्या कोकणी पावसात एका सरीने दुसरी सर झाकली जाते. म्हणून लहान रडार एकटे नसावे; एकाच पावसाकडे दोन बाजूंनी पाहणारी दोन असली, तर एकाला न दिसलेले दुसऱ्याला दिसते.

अशी पोकळी आपल्याकडेच आहे असे मात्र समजू नका. अमेरिकेत सुमारे १६० मोठी हवामान रडारे आहेत. तरीही वॉशिंग्टन राज्याचा पॅसिफिक किनारा कित्येक वर्षे ऑलिंपिक पर्वताच्या सावलीत होता. समुद्रावरून येणारी वादळे किनाऱ्यावर आदळेपर्यंत धड दिसत नसत. तेथील लोकांनी आणि शास्त्रज्ञांनी ही गोष्ट लावून धरली, आणि २०११ मध्ये किनाऱ्याजवळ लँगली हिल येथे नवे रडार उभे राहिले. मागे डोंगर आणि पुढे समुद्र; आपल्या कोकणासारखेच नाही का?

दुसरा उपाय जमिनीवरचा आहे. रडार वरून पाहते, तर पर्जन्यमापक खाली उभा असतो. वेंगुर्ले, देवगड येथे हवामान खात्याची निरीक्षण केंद्रे आहेत. राज्यात ‘महावेध’ योजनेखाली महसूल मंडळांत २,००० हून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे बसविलेली आहेत. रडारचा अंदाज आणि मापकाचा आकडा एकत्र ठेवला, की रडार कोठे चुकते ते कळते आणि चूक सुधारता येते.

तुमच्या शाळेचा पर्जन्यमापक

येथे तुम्हालाही काम आहे. सरळ बाजूंची प्लॅस्टिकची मोठी बाटली घ्या. निमुळता वरचा भाग कापून तो उलटा, नरसाळ्यासारखा, खालच्या भागात बसवा. बाटलीचा तळ सपाट नसतो, म्हणून आधी थोडे पाणी ओतून त्या पातळीवर शून्याची खूण करा. तेथून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. झाड किंवा भिंत यांच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर, मोकळ्या जागी बाटली पक्की उभी करा. रोज सकाळी साडेआठला पाणी मोजा, कारण हवामान खात्याची वेळही तीच आहे. आपल्याकडे एका दिवसात २०० मि.मी. पाऊस होऊ शकतो. तेव्हा जोराच्या पावसात संध्याकाळीही एकदा मोजून बाटली रिकामी करा, पुन्हा शून्यापर्यंत पाणी भरा, आणि दोन्ही आकड्यांची बेरीज लिहा.

हवामान खात्याच्या संकेतस्थळावर गोव्याच्या रडारचे चित्र सर्वांना पाहता येते. दिवसातून दोन-तीन ठरावीक वेळी ते पाहा. तुमच्या गावावर रंग दिसतो काय? आणि त्याच वेळी बाहेर काय चालले आहे? वहीत दोन रकाने करा: ‘रडारला दिसले’ आणि ‘आम्हाला दिसले’. वेंगुर्ले, मालवण, देवगड आणि विजयदुर्ग येथील शाळांनी हे एक पावसाळाभर केले आणि वह्या एकमेकांशी ताडून पाहिल्या, तर पणजीपासून दूर जावे तसे दोन रकान्यांतले अंतर वाढते की नाही, हे तुमचे तुम्हालाच कळेल. आपला वरचा हिशेब बरोबर असेल तर ते वाढायला हवे. न वाढल्यास आणखी चांगले. मग ‘असे का?’ हा नवा प्रश्न तुमच्या हाती येईल.

पुढच्या वेळी बंदरावर उभे राहाल, तेव्हा क्षितिजाखाली बुडणाऱ्या नौकेकडे पाहा. बंदरावरून तुम्हाला तिचे बूड दिसत नाही. पणजीच्या रडारला तिच्या शिडाला लागणारा वारा दिसत नाही. कारण दोन्हींचे एकच.